दोन पाण्यांनी धुतलेली सुपारी

माझ्या उजव्या तळहाताच्या बुडाशी एक घट्टा आहे. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांना वाटतं, कात्रीचा असेल. कात्रीचा घट्टा अंगठ्याला पडतो, पण एवढं कोण बघतं, आणि मीही सांगत नाही. हा घट्टा खर्रा घोटून पडलेला आहे. सात वर्षं रोज सकाळी चहा झाला की मी पाट पुढे ओढायचे, त्यावर गोणपाटाचा तुकडा अंथरायचे, आणि सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून तळहाताच्या जोरानं रगडत बसायचे. नवऱ्यासाठी. प्रेमानं. हा शब्द लिहिताना मला माझाच राग येतो, पण एकदा खोटं बोलून झालं आहे, पुन्हा नको.

आमच्या पांढुर्ण्यात खर्रा ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. पानाच्या ठेल्यावर सांगितला की समोर घोटून देतात, पन्नीची पुडी बांधून देतात, आणि माणूस तो गालात धरून तासभर हिंडतो. बाया याला व्यसन म्हणायला तयार नसतात. दारू म्हणजे व्यसन. बिडी म्हणजे वाईट सवय. खर्रा म्हणजे खर्रा.

माझे यजमान नगरपालिकेत नळाच्या कामावर होते. मोठी लोखंडी चावी सायकलला बांधून गल्लोगल्ली जायचं आणि वॉल्व उघडायचे, हे त्यांचं काम. गल्लीच्या तोंडाशी आले की दोन बोटं न घालता, नुसत्या ओठांनी लांब शिटी मारायचे, म्हणजे बायकांनी समजायचं की पाणी येतंय. पण शिटीच्या आधी त्यांचा खोकला यायचा. लग्नाआधीपासून बिडी होती. सकाळी उठल्या उठल्या ओसरीवर बसून असा खोकायचे की शेजारीण त्या आवाजावर आपल्या पाण्याच्या गुंड्या धुवून ठेवायची. ती मला म्हणायची, "तुमच्या घरचा भोंगा झाला, आता नळ येते." मी हसायचे, पण घरात येऊन भांडायचे. मी बिड्यांचे कट्टे लपवले, चुलीत घातले, एकदा तर बादलीत बुडवले. त्यांनी ते टिनावर वाळवून ओढले.

मग एका उन्हाळ्यात चावी फिरवता फिरवता ते रस्त्यातच खाली बसले. दम पुरेना. लोकांनी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि माझ्याकडे बघून सांगितलं की बिडी सुटली नाही तर पुढे चार पावलं चालणंही जड जाईल. दुसऱ्याच शनिवारी मी त्यांना जामसांवलीच्या मारुतीला घेऊन गेले.

आमच्याकडे सोडायची एक रीत आहे. काशीला गेलेला माणूस एखादी भाजी, एखादं फळ तिथे सोडून येतो आणि मग जन्मभर ते खात नाही. माझ्या सासूबाईंनी काशीला दोडका सोडला होता. त्यानंतर त्या गेल्या तोपर्यंत गिलके खात होत्या, आणि गिलके म्हणजे बिनधारेचा दोडकाच. पण त्यात कोणाला काही चूक वाटली नाही. देवाला जे नाव घेऊन दिलं ते दिलं. बाकीचं आपलं.

जामसांवलीला मारुतीपुढे यांनी बिडीचा कट्टा आणि माचिस पायरीवर ठेवली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आता बिडीले हात लावणार नाही." मी बाजूला उभी होते. मी नीट ऐकलं. माझं समाधान झालं. बिडी म्हणाले. तंबाखू म्हणावं हे त्यांना सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

पुढचे चार दिवस घरात कोणी राहावं असे नव्हते. त्यांनी ताट भिरकावलं, सायकलच्या चाकाला लाथा घातल्या, मला नाही नाही ते बोलले. मी ऐकून घेतलं, कारण कट्ट्याला हात लावत नव्हते. पाचव्या दिवशी संध्याकाळी कामावरून शांत चेहऱ्यानं आले. मी तोंडाचा वास घेतला.

"बिडी नाही ओढली," ते म्हणाले. "खर्रा खाल्ला. एकानं देल्ला."

"बिडी नाही ना ओढली?"

"नाही ना. सांगून तर राहिलो."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना शिरा करून घातला.

ठेल्यावरच्या पुडीत मात्र मला घाण दिसली. सुपारीवर पांढुरका थर, तंबाखूत माती. माझा स्वभाव असा की घरात तांदूळसुद्धा मी तीनदा निवडते. मी सुपारी घरी आणली, दोन पाण्यांनी धुतली, पापडांच्या बाजूला छपरावर वाळवली, अडकित्त्यानं बारीक कातरली. तंबाखू चाळली. चुना नखाएवढा. वरून चिमूटभर बडीशेप. पहिली पुडी खाऊन ते म्हणाले, "ठेल्यावाल्याचं दुकान बंद करतं तू." मी लाजले. हे खरंच झालं. वय झालेली बाई, आणि मी लाजले.

आणि बिडी सुटल्याचा फायदाही झाला, तो नाकारून चालणार नाही. महिनाभरात सकाळचा खोकला कमी झाला. पाण्याच्या टाकीच्या चढावर आधी सायकलवरून उतरून ढकलत न्यायचे, ते बसूनच चढायला लागले. भाजीत मीठ जास्त झालं तर कळायला लागलं. पुढच्या माघात आम्ही रामाकोन्याला एका लग्नाला गेलो. बसची खिडकी उघडी होती. अचानक ते सरळ होऊन बसले आणि मला म्हणाले, "अवं, हा कशाचा वास येऊन राहिला?" बाहेर संत्र्याच्या बागा फुललेल्या होत्या. जन्म या बागांमध्ये गेला त्या माणसाचा, आणि तो मला विचारत होता, कशाचा वास. मी त्या बसमध्ये तोंडाला पदर लावून रडले. तेव्हा मला वाटलं होतं की मी नवरा परत मिळवला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका माझ्याकडे विचारायला यायच्या, आणि मी तोऱ्यात सांगायचे. पण पाटावर बसवून, हात धरून शिकवलं ते एकीलाच. माझी धाकटी बहीण सौसरला असते. तिचे यजमान शाळेत बाबू आहेत, तेही बिडी ओढायचे. त्यांनीही जामसांवलीला जाऊन बिडी सोडली, त्यांना तर ते घरापासून जवळच. मी दोन दिवस तिच्याकडे राहिले. माझा जुना पाट तिला दिला. सुपारी कशी धुवायची ते दाखवलं. "बोटायचा जोर नको लावू," मी तिला सांगितलं, "तळहाताच्या बुडाचा लाव. बोटं दुखत नाही मंग." तिचा हात माझ्यापेक्षा हलका. तिनं घोटलेला खर्रा भाऊजींना फार आवडला.

माझ्या घरी यांचं तोंड कधीपासून लहान होत गेलं ते मला सांगता येत नाही. सगळ्यात आधी शिटी गेली. ओठ गोल होईनात, नुसती हवा निघायची. ते सायकलची घंटी वाजवायला लागले. मी चिडवलं, "साहेब झाले तुम्ही, शिटी नाही मारत आता." मग ठेचा झोंबायला लागला, तो मी बंद केला. मग फोडणीतली मिरची झोंबायला लागली. एकदा बाजारात गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला उभे राहिलो, तर अख्खी पुरी त्यांच्या तोंडात जाईना. फोडून खाल्ली, सगळं पाणी सदऱ्यावर. आम्ही दोघं हसलो. त्यानंतर मी पोळ्या लहान लाटायला लागले, भाकरी कुस्करून द्यायला लागले, आंब्याच्या फोडी बारीक कापायला लागले. म्हणजे ते तोंड मिटत होतं आणि मी त्याच्या मापानं स्वयंपाक करत होते. अक्कलदाढ असेल, वय असेल, असं एकमेकांना सांगत दोन वर्षं काढली. खर्रा तेवढा बारीक करावा लागला नाही. तो बारीकच असतो.

डाव्या गालाच्या आत फोडासारखा छाला आला आणि तो जाईना, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण मुलगी होती. तिनं यांना सांगितलं, "काका, तीन बोटं उभी एकावर एक धरा आणि तोंडात घाला." दोन गेली. दुसरंही घासून गेलं. तिसऱ्याला जागाच नव्हती.

"खर्रा किती वर्षांपासून?" तिनं विचारलं. तिनं 'खाता का' असं विचारलंच नाही.

मीच म्हणाले, "घरचाच खाते, मॅडम. बाहेरच्याले हात नाही लावत. सुपारी मी दोन पाण्यानं धुतो."

तिनं हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते. "काकू," ती म्हणाली, "सुपारीला लागलेली माती वाईट नसते. सुपारीच वाईट असते. ती गाल आतून कडक करते, म्हणून तोंड उघडत नाही. त्यात तंबाखू, त्यात चुना, आणि ते सगळं एकाच जागी तासन्‌तास."

"पण यायनं बिडी सोडली ना," मी म्हणाले. मला काहीतरी बाजू मांडायची होती.

"ते फार चांगलं केलं. छाती, हृदय, घसा, सगळ्याचा धोका कमी झाला. पण तंबाखू कुठे सुटली? फक्त ओढायची बंद झाली." मग तिनं पुन्हा आत बघितलं. "ही एक दाढही टोकदार आहे. ती गालाला घासते. थोडा तिचाही हात आहे."

दाढ. मी तो शब्द उचलला आणि घट्ट धरून ठेवला.

छाल्याचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. त्या दिवसांत मी घरात सैरभैर झाले होते. शिलाई चुकायची, बाही उलटी लागायची. यांनी खर्रा त्याच दिवशी सोडला, एका शब्दानं न कुरकुरता, आणि सकाळी चहा झाला की माझे हात रिकामे राहायचे. पाट भिंतीला टेकवलेला. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि तो कुठे ठेवावा हेही कळत नव्हतं. एका दिवशी मी कोणाला न सांगता एकटीच बसनं जामसांवलीला गेले.

मी तिथे नवस करायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. मनातल्या मनात म्हटलं, तुले बिडी वाह्यली आम्ही. तू तर देव आहे. तुले दिसत नव्हतं का आम्ही काय विसरून राहिलो ते? मागून बायका पुढे सरका म्हणत होत्या. मी सरकले नाही. मला सासूबाईंचा दोडका आठवला. देवानं आम्हाला फसवलं नव्हतं. त्यानं काही मागितलंच नव्हतं. काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे आम्हीच ठरवलं होतं, आणि ठेवलेलं मी धुऊन, वाळवून, बडीशेप घालून त्यांच्या हातात दिलं होतं. मी प्रसाद न घेताच परत आले. आयुष्यात असं पहिल्यांदा केलं.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला.

नागपूरच्या त्या दवाखान्यात पुढचे कितीतरी दिवस गेले. भोपाळहून मुलगी आली, तिनं कागदपत्रं सांभाळली. मी बाकड्यावर बसायचे. समोरच्या भिंतीवर एक मोठा कागद लावलेला होता, कोणता कॅन्सर कशानं होतो त्याचा. बिडी-सिगारेट: फुफ्फुस, घसा, अन्ननलिका, मूत्राशय. तंबाखू, सुपारी, गुटखा, खर्रा: तोंड, जीभ, गाल. दारूनं धोका वाढतो. बायकांनी छातीची गाठ आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. मी तो कागद रोज वाचायचे, शाळेतला धडा वाचावा तसा, वरून खाली. मी त्यात एक ओळ शोधत होते. घरचा असेल तर चालतो, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर भेटायला आले. यांच्याकडून नळीत फुंकून घेतलं, छाती तपासली. "छाती चांगली आहे," ते म्हणाले. "बिडी कधी सोडली?" मी सांगितलं. "बरं झालं. इतकं लांब ऑपरेशन आहे, बिडीवाल्या छातीला झेपलं नसतं." मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला हसू आलं, आणि मग थांबता येईना, तेव्हा मुलीनं मला धरून बाहेर नेलं.

डाव्या बाजूचा जबडा आणि गाल काढला. छातीचं मांस वर ओढून तिथे लावलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओळखलं ते फक्त हातांवरून, चावी फिरवून फिरवून झालेल्या त्या जाड बोटांवरून. नाकातून नळी होती. मी पायाशी बसले आणि त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतला, बहुतेक गुदगुल्या झाल्या म्हणून.

धाकटी बहीण भेटायला आली ती तिथेच, वऱ्हांड्यात. रडून रडून तिचे डोळे सुजलेले. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "कशानं झालं बाई हे?"

त्या वेळी मी खरं सांगायला पाहिजे होतं. भिंतीवर कागद होता, नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं. माझ्या डोळ्यापुढे तिचा हलका हात आला, माझाच पाट आला. आणि मी म्हणाले, "दाढ. टोकदार दाढ होती, ती गालाले घासत होती. डॉक्टरच म्हणल्या."

तिनं सुस्कारा टाकला. "यायची दाढ बरी आहे बाई," ती म्हणाली. "मागच्याच साली दाखोली."

एकदा सांगितलं की मग सगळ्यांना तेच सांगावं लागतं. नातेवाइकांना दाढ. शेजारणीला दाढ. ब्लाउज टाकायला येणाऱ्यांना दाढ. लोक हळहळायचे आणि आपापल्या दाढांवरून जीभ फिरवायचे.

रेडिएशनचा शेक संपवून आम्ही घरी आलो. आता ते पातळ खातात. पेज, दूध, वरणाचं पाणी. बोलतात ते मला अर्धं कळतं, बाकीच्यांना काहीच नाही, म्हणून मुलीची लहानपणची पाटी मी माळ्यावरून काढून दिली. सकाळी आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, म्हणजे तोंड आणखी मिटत नाही, असा व्यायाम दिला आहे. मी काड्या मोजते. एखाद्या दिवशी एक जास्त जाते, एखाद्या दिवशी एक कमी. दर महिन्याला नागपूरला जायचं, डॉक्टर मान चाचपतात, आणि त्यांची बोटं एका जागी जरा जास्त थांबली की मी सेकंद मोजायला लागते.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं: सौसर.

मला समजलं. मी न समजल्यासारखं केलं. "कोणी येऊन राहिलं का?" मी विचारलं. त्यांनी पुसून लिहिलं: तिले सांग. मी म्हटलं, सांगते, तुम्हाला जरा बरं वाटू द्या. त्यांना जरा बरं वाटलं. मग मी म्हटलं, दिवाळीला ती येईल तेव्हा सांगते. ती आली आणि तिच्या हातच्या करंज्या खाऊन गेली, मी सांगितलं नाही. यांनी एकदा चिडून पाटी माझ्याकडे फेकली. त्यावर लिहिलं होतं: तू शिकोलं, तूच सांग.

मी का गेले नाही हे लोकांना कळणार नाही. मला कळतं. सौसरला जाऊन सांगायचं म्हणजे माझ्या हातांनी काय केलं ते तोंडानं म्हणायचं. जोपर्यंत म्हटलं नाही तोपर्यंत ती दाढ होती. मी रोज ठरवायचे आणि रोज मशीनवर बसायचे. असे सात महिने गेले. सात महिने, रोज सकाळी चहा झाला की तिकडे माझ्या पाटावर माझी बहीण घोटत होती, हे माहीत असताना.

परवा तिचा फोन आला. मी शिवत होते म्हणून स्पीकर चालू होता. इकडचं तिकडचं बोलून ती हसत म्हणाली, "आमचे हे आता गुपचुप नाही खात बाई. म्हणते, तोंडात मावत नाही. म्हातारे होऊन राहिले."

मशीन थांबली. खाटेवर हे उठून बसले होते. त्यांनी पाटी उचलली, लिहिलं, आणि ती माझ्या समोर, मशीनच्या सुईपाशी आणून ठेवली. आज.

मी तशीच, बाहीवर दोरे चिकटलेले, स्टँडवर गेले. सौसरची बस लागलेली होती. वाटेत दोन्हीकडे बागा, पानांत हिरवी संत्री. मी काय बोलायचं ते जुळवत होते, आणि प्रत्येक वेळी वाक्य 'तुला' पासून सुरू करत होते. तुला समजायला पाहिजे होतं, तुला दिसलं नाही का. माझा स्वभाव हा असा. स्वतःवर यायची वेळ आली की मी दुसऱ्यावर तुटून पडते.

दुपारचे तीन वाजले असतील. भाऊजी शाळेतून आलेले होते, ओसरीवर बसून पेपर वाचत होते, उजवा गाल फुगलेला. बाजूला पाट. माझा पाट, त्याच्या एका कोपऱ्याला विळ्याची खूण आहे. धाकटी मला बघून घाबरली, तिला वाटलं यांचंच काही झालं.

"बाई? भाटवे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणाले. "भाऊजी, तोंडातलं थुंकून या."

ते हसले. मोठ्या मेहुणीनं असं बोलण्याची आमच्यात पद्धत नाही. पण माझा चेहरा बघून उठले, मोरीत जाऊन चूळ भरून आले.

"तीन बोटं अशी उभी धरा. एकावर एक. घाला तोंडात."

"काय खेळ लावला ताई तुम्ही?"

"घाला म्हणते ना."

पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं ओठाला लागून थांबलं. त्यांनी मान मागे नेली, पुन्हा बघितलं. धाकटी जवळ आली, म्हणाली, "जोर लावा ना जरा. माहे तर चार जाते," आणि तिनं पटकन आपली बोटं घालून दाखवली. मग तिचा हात हळूहळू खाली आला.

मी सांगितलं. ओसरीवर उभ्या उभ्याच सांगितलं. सुपारी, तंबाखू, गाल कसा कडक होतो, तो छाला, तो तुकडा, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं. खर्रा आत्ताच्या आत्ता सुटला तर तोंड आहे त्यापेक्षा फारसं उघडायचं नाही, पण पुढचा धोका कमी होतो, आजपासून कमी होतो, हेही सांगितलं. उद्या सकाळी पांढुर्ण्याला दाखवायला चला म्हणाले. बोलता बोलता मी तो पाट उचलून छातीशी धरला होता, हे मला नंतर कळलं.

धाकटी ऐकत होती. ती रडली नाही. ती आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होती. तिथेही घट्टा होता.

"मी तर दोन पाण्यानं धुत होतो," ती म्हणाली. "तू सांगतलं तसंच."

"हो."

"पण बाई, तू तर दाढ म्हणली होती."

मी हो म्हणाले. भाऊजींचं तिसरं बोट अजून ओठावरच होतं.